जाम बोल्ट

राहुरीत आमच्या अंगणात जुनी डिझेल जीप उभी. सायलेन्सरचे दोन बोल्ट गंजून जाम. बाप म्हणायचा, नुसता जोर लावशील तर मुंडी तुटंल. दोन रात्री डिझेल पाजलं. हलले नाहीत. मग डिझेल पुसून काढलं, बत्तीनं नट लालसर होईस्तोवर तापवले. तापलं की लोखंड फुगतं, गंजाची पकड तडकते. बापाच्याच पान्यानं आधी जरा आवळला, मग सोडला. मागं-पुढं करत एकेक निघाला.

गॅरेजात बापानं जन्मभर हेच केलं. कामाला हात त्याचा, पाण्याला पेला वेगळा. मालकाच्या तोंडी तो म्हातारपणीही पोऱ्याच.

दोस्तांनो, नुसत्या तेलानं गंज सुटत नाही. आच द्यावी लागते.

गरम नट थंड झाला तसा मुठीत धरला. म्हणालो, मिस्त्री, निघाला.