पुन्हा एकदा फासा

सापशिडी असो की सारीपाट, पडलेले दान पडले, हा नियम लहान मुलालाही ठाऊक असतो. एका खेळात मात्र पडलेले दान पुन्हा टाकण्याचा हक्क मिळतो, आणि तो मिळतो योद्ध्याला!

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांनी तो १९७४ साली आणला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात. अवघड प्रसंगी निकाल देतो वीस बाजूंचा फासा. पात्रे पहिल्या पायरीपासून विसाव्या पायरीपर्यंत चढत जातात.

यातला योद्धा अंगाने दणकट. विषही पचवील! त्याचा दुबळेपणा आहे मनाचा. कुणी जादूने भीती घातली, भुरळ पाडली, की हा वीर हतबल. म्हणूनच नवव्या पायरीवर त्याला ‘इन्डॉमिटेबल’ म्हणजे ‘अदम्य’ हे बळ मिळते. बचावाचा फासा फसला, तर तो पुन्हा टाकायचा. मात्र दुसरे दान कसेही पडो, ते स्वीकारायचे. तेराव्या पायरीवर अशा दोन संधी, सतराव्यावर तीन. त्या वापरून संपल्या, की रात्रभराची विश्रांती घेतल्यावरच परत मिळतात.

२०१४ च्या नियमांत दुसरे दानही पहिल्यासारखेच नशिबाचे होते. समजा, बचावाला १७ हवेत आणि मनाच्या बळाची काहीच भर नाही. मग विसांपैकी चारच आकडे तारणार, दोन्ही वेळा तेवढेच. २०२४ च्या नियमांनी यात बदल केला. दुसऱ्या दानात योद्ध्याची पायरी मिळवायची. नवव्या पायरीवर ८ पडले तरी भागते; सतराव्यावर १ पडला तरी!

खेळातला हा बदल घरातही उपयोगी पडावा. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला आपण ‘पुन्हा बस’ म्हणतो आणि मोकळे होतो. हा झाला जुना नियम. पहिल्या खेपेला काय चुकले, काय जमले, हे त्याच्याबरोबर बसून पाहिले, तर दुसऱ्या खेपेला त्याच्या पदरी थोडी अधिक शिल्लक असते. आणि हो, मधे त्याला एक रात्र शांत झोपूही द्यावे.