कुंपणच शेत खाते : इंग्लंडमधील चोरांच्या बोलीतली एक जागा

१/ चोरी साधली तरी चोराचे काम अर्धेच झालेले असते. रेशमी रुमाल किंवा चांदीचा पेला खाऊन पोट भरत नाही. त्याचे नाणे करून देणारी, माल दडवणारी आणि प्रश्न न विचारणारी एक जागा लागते. जुन्या इंग्लंडमधील चोरांनी या जागेला स्वतःची नावे दिली होती.

२/ केंट परगण्यातील जमीनदार टॉमस हार्मन याने दाराशी येणाऱ्या भटक्यांना बोलते करून त्यांची गुप्त बोली टिपली. १५६७ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात 'केन' म्हणजे घर. 'बाउझिंग केन' म्हणजे दारूचा गुत्ता आणि 'स्टॉलिंग केन' म्हणजे चोरीचा माल घेणारे घर.

३/ सतराव्या शतकाच्या अखेरीस 'फेन्स' हा शब्द कोशात आला. 'डिफेन्स' म्हणजे संरक्षण. त्याचे हे आखूड रूप. कुंपणालाही इंग्रजीत हाच शब्द. चोरीचा माल घेणारा माणूस चोराला कुंपणासारखा आडोसा वाटत असे.

४/ १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस याने आपल्या बाजारू बोलीच्या कोशात 'फेन्सिंग केन' नोंदवले : चोरीचा माल दडवण्याची वखार. त्यातच 'लॉक' हाही शब्द आहे. माल घेणारा माणूस आणि माल ठेवण्याची जागा, दोघांनाही तो लागू होता.

५/ चोरांना जे ठाऊक होते, ते कायद्याला उशिरा उमगले. चोर फासावर जात असे. पण माल घेणाऱ्याला चोराचा साथीदार मानणारा कायदा १६९१ साली आला. तरीही मूळ चोर दोषी ठरल्याखेरीज त्याच्यावर तो आरोप टिकणे कठीण होते.

६/ या फटीत जोनाथन वाइल्ड मोठा झाला. लंडनमध्ये तो चोर पकडणारा म्हणून मिरवे आणि चोरीला गेलेल्या वस्तू मोबदला घेऊन मालकांना परत मिळवून देई. त्यांतल्या कित्येक त्याच्याच टोळीने चोरलेल्या असत. चोरावर मोर म्हणावा असाच हा प्रकार. जो चोर हाताबाहेर जाई, त्याला तो फासापर्यंत पोहोचवी.

७/ सुतारकामाची उमेदवारी सोडून चोरीकडे वळलेला जॅक शेपर्ड तुरुंग फोडण्यासाठी प्रसिद्ध होता. वाइल्डने त्याचा पिच्छा पुरवला. नोव्हेंबर १७२४ मध्ये टायबर्न येथे त्याला फाशी झाली, तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता.

८/ मात्र १७१८ च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या होत्या. चोरीचा माल घेणाऱ्यास १४ वर्षे अमेरिकेतील वसाहतींत धाडता येऊ लागले. आणि चोराला न्यायालयापुढे न आणता माल परत मिळवून देण्याचा मोबदला घेणे हाही गंभीर गुन्हा ठरला. चोरीला गेलेल्या लेसच्या एका प्रकरणात वाइल्ड याच कलमात अडकला. मे १७२५ मध्ये त्याच टायबर्नवर तो लटकला.

९/ पुढे इंग्रजांनी हिंदुस्थानासाठी १८६० साली दंडसंहिता केली. तिच्या कलम ३७९ मध्ये चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षे. कलम ४११ मध्ये जाणूनबुजून चोरीचा माल घेणाऱ्यालाही तीनच वर्षे. चोर आणि त्याचे कुंपण अखेर एकाच तराजूत बसले. शेपर्डसारख्या पोरांसाठी मात्र हा न्याय फार उशिरा आला होता.