वीतभर धाबे

नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, घराचे छप्पर पाऊस ठरवतो. अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई; तिथे पाऊस धो धो, म्हणून छपरे उतरती. आग्नेयेला पारनेरकडे यावे, तो सह्याद्रीच्या आडोशाने ढग रिते झालेले असतात. मग मळ्यातल्या काळ्या दगडी घरांवर मातीचे सपाट धाबेही पुरते.

तिथल्या एका अंगणात मुलांनी दिवाळीचा किल्ला केला होता. पायथ्याशी असेच एक घर, गोठ्यासकट, पुरते वीतभर! दगडाच्या कपच्या ओल्या मातीत बसवून भिंती चढत होत्या. ओट्यावरून आजी म्हणाली, "सांध्यावर सांधा येऊ देऊ नको रे, भिंत फुटंल!" मग तुराट्यांच्या तुळया, त्यांवर काड्यांचे किलचण, त्यावर पाला आणि वर चोपलेली पांढरी माती, पाण्यासाठी किंचित उतार. धूर जायला धाब्यात भोकही राखले.

खऱ्या वस्त्यांवर आता पत्रे आणि सिमेंट येत चालले आहे. त्यात वावगे काही नाही. धाब्यावर वरचेवर माती घालण्याचे कष्ट ज्यांनी उपसले, त्यांनाच ते ठाऊक. पण घर उभे कसे राहते, हे सांगणारी माणसेही ओट्यावरून एकेक उठून चालली आहेत. तेव्हा यंदा आपल्या मुलांच्या किल्ल्याशेजारी असे एक घर बांधू द्यावे. आणि पहिला दगड ठेवण्याआधी त्यांनी आजीला विचारावे.