कापड आणि दोन रिंगा

बाळाला अंगाशी बांधून फिरायचं तर चांगल्या कंपनीचा, जाड पट्ट्यांचा, कमरेला बकल असलेला कॅरिअरच हवा, असं माझं ठाम मत होतं. स्वस्तातली कापडी स्लिंग म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ, असं मी मैत्रिणींना सांगतही असे. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. बाळ अंगावर पिणारं असेल, तर पहिल्या पाच-सहा महिन्यांसाठी साध्या सुती कापडाच्या रिंग स्लिंगइतकं उपयोगी दुसरं काही नाही, असं मी आज म्हणते. हे मत का पालटलं ते मोकळेपणाने सांगते, कारण प्रश्न नुसत्या पैशांचा नव्हता.

कापडात बांधलेलं मूल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ऊसतोडीला आलेल्या नाहीतर बांधकामावर राबणाऱ्या बायका यायच्या. ते चित्र मला नाइलाजाचं वाटे. पाठीशी दामोदरला बांधून घोड्यावर निघालेली झाशीची राणी आपण सगळ्यांनीच लहानपणी चित्रात पाहिलेली असते, आणि तिच्याबद्दल कुणाच्या मनात असं काही येत नाही. तरी दुकानातला कॅरिअर मला शोभिवंत वाटायचा, आणि किंमत जास्त म्हणजे सुरक्षितताही जास्त, हे मी धरूनच चालले होते.

माझं सिझेरियन झालेलं. कॅरिअरचा कमरेचा पट्टा नेमका टाक्यांवर यायचा. मे महिन्याच्या उकाड्यात स्पंजच्या अस्तराने लेकीची पाठ आणि माझी छाती दोन्ही घामाने भिजायची. पण मुख्य अडचण दुधाची होती. बकलवाल्या कॅरिअरमध्ये पाजता येत नाही असं नाही. पट्टा खाली घ्यायचा, खांद्याचे दोन्ही बंद सैल करायचे, बाळ छातीच्या उंचीवर आणायचं. सरावाने हे जमतं. भुकेने लालबुंद झालेलं महिना-दीड महिन्याचं बाळ मात्र तेवढा वेळ देत नाही. मग मी दर वेळी सगळं सोडून तिला बाहेर काढायची आणि पाजून झाल्यावर पुन्हा बांधायचा कंटाळा करायची. कॅरिअर खुंटीवरच राहू लागला.

रिंग स्लिंग मला आमच्या दवाखान्यातल्या स्तनपान सल्लागार ताईंनी दाखवली. दोन-सव्वादोन मीटर लांब, पाऊण मीटरच्या आसपास रुंद कापड आणि एका टोकाला शिवलेल्या दोन धातूच्या रिंगा, एवढंच. ही रचना रेनर गार्नर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईत केली, असं ताईंनी सांगितलं. मी त्या रिंगांकडे साशंक नजरेने पाहत होते. त्यांनी माझ्या लेकीला माझ्या छातीवर उभं धरलं, कापडाचा खालचा काठ तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या मागे सारला, गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर आणले, आणि वरचा काठ, मधला भाग, खालचा काठ असं एकेक ओढत कापड रिंगांतून घट्ट केलं. ती बेडकासारखी पाय दुमडून बसली. मग त्या म्हणाल्या, ‘‘आता पाजा.’’ मी एका हाताने तिला आधार दिला, दुसऱ्या हाताने वरची रिंग थोडी उचलली. कापड सरकलं, लेक चार बोटं खाली आली, स्तनापाशी पोचली आणि प्यायला लागली. तिला बाहेर काढावं लागलंच नाही. पिऊन झाल्यावर पुन्हा वर घेऊन कापड ओढलं की काम झालं. माझं अर्धं मत तिथेच बदललं.

उरलेलं अर्धं बदलायला वेळ लागला, कारण भीती खोटी नव्हती. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला होता. आधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित निदान १४ मृत्यू त्यांच्या नजरेला आले होते, आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. त्याच महिन्यात एका कंपनीला दहा लाखांहून जास्त स्लिंग बाजारातून परत घ्याव्या लागल्या. त्या खोल पिशवीसारख्या होत्या. बाळ तळाशी गोळा होऊन बसायचं, हनुवटी छातीला टेकायची आणि श्वासाची वाट दबायची. तान्ह्या बाळाला मान उचलता येत नाही, आणि श्वास कोंडल्यामुळे रडताही येत नाही. हे वाचून मी स्लिंगवर फुली मारली असती. पण नीट वाचल्यावर कळलं की धोका कापड स्वस्त असण्यात नाही. तो पिशवीच्या खोलपणात आहे, सैलपणात आहे आणि बाळ नजरेआड जाण्यात आहे. महागडी पिशवीही तेवढीच घातक.

म्हणून माझ्या हिशेबात पहिला प्रश्न किमतीचा नाही, कापड कमी-जास्त करता येतं का, हा आहे. ठरावीक मापाच्या शिवलेल्या पाऊच स्लिंगमध्ये ते येत नाही, म्हणून पाजणाऱ्या आईने ती घेऊ नये. ताणणारं होजिअरीचं लांबलचक रॅप मऊ असतं, पण आपल्या हवेत उकडतं, आणि पाजायला खाली घ्यायचं तर बरेचदा गाठ सोडावी लागते.

काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. कापडावर करा. विणलेलं, न ताणणारं, मध्यम जाडीचं सुती कापड हातमागाच्या दुकानात रास्त भावात मिळतं. सोलापुरी चादर जाड, रिंगांत अडकते. सिंथेटिक साडी निसटते. रिंगांवर काटकसर नको. पडद्याच्या किंवा पर्सच्या रिंगा अजिबात वापरू नका. स्लिंगसाठीच बनवलेल्या, जोड नसलेल्या, वजनाला तपासलेल्या घ्या. शिलाईच्या तीन ओळी मजबूत दोऱ्याने घालून घ्या, आणि रोज बांधण्याआधी ती शिलाई हाताने चाचपून पाहा. हे सगळं जमवूनही खर्च चांगल्या कॅरिअरच्या मानाने फारच थोडा येतो. बाळ जड झालं की एकाच खांद्यावर भार येऊन पाठ भरून येते, हेही खरं. तेव्हा दोन्ही खांद्यांचं काही घ्या. तोपर्यंत हे पुरतं.

आणखी एका बाबतीत मी बदलले. स्लिंग म्हणजे पाजता पाजता दोन्ही हात मोकळे, पोळ्या लाटा, भाजी फोडणीला टाका, असं मला वाटायचं. तसं नाही. पीत असताना एक हात बाळाच्या मानेशी हवाच, नाक मोकळं दिसायला हवं, पदराने तोंड पूर्ण झाकायचं नाही, आणि पिऊन झालं की बाळ वर, आपल्या ओठांनी कपाळाचा पापा घेता येईल इतक्या उंचीवर. बाळ बांधलेलं असताना शेगडीजवळ जायचं नाही. दुचाकीवर तर बसायचंच नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

‘‘अंगाची सवय लागेल, मग खाली राहणार नाही,’’ असं सासूबाई म्हणायच्या, आणि मलाही ते पटायचं. हुंझिकर आणि बार या संशोधकांचा १९८६ सालचा अभ्यास पुढे वाचनात आला. रोज जास्त वेळ अंगावर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात इतर बाळांपेक्षा ४३ टक्के कमी रडली होती. सासूबाईंना मी आकडा सांगितला नाही. लेक त्यांच्याच अंगावर बांधून दिली. आता दुपारी त्या स्वतःहून स्लिंग मागून घेतात.

तुमच्या घरात कुणी बाळंतीण असेल, तर बाळंतविड्यात दहावं झबलं-टोपडं देऊ नका. चांगल्या रिंगा आणि सुती कापड द्या, आणि बांधून कसं पाजायचं ते समोर बसून शिकवेल अशी जाणकार बाई तिला गाठून द्या.