पल्लावरमच्या उतारावरच्या ताली

चेन्नई म्हटलं की सपाट शहर डोळ्यांपुढे येतं. पण दक्षिणेला विमानतळ मागे पडला की त्रिशूलम आणि पल्लावरमच्या टेकड्या लागतात. काळ्या दगडाच्या, बसक्या, अंगावर जुन्या खाणींचे घाव घेऊन उभ्या असलेल्या. त्यातल्याच एका टेकडीच्या पायथ्याशी आमचं घर आहे. माझे यजमान साहुकारपेठेत गलाईचं काम करतात. सोनं-चांदी गाळण्याच्या या धंद्यापायी खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं तमिळनाडूत येऊन राहिली, त्यातलंच आमचं एक. घरामागे आमच्या मालकीचा जमिनीचा एक तुकडा आहे. दर तीन फुटांना फूटभर चढणारा, मुरमाड, वर काटेरी झुडपं. तिथे भाजी करावी हे माझ्या मनात बरीच वर्षं होतं.

पाऊस मात्र काही टिकू देईना. इथला मोठा पाऊस आपल्या श्रावणातला नाही, तो ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्येकडून येणारा. आणि येतो तेव्हा तोलूनमापून येत नाही. २०१५च्या डिसेंबरच्या सुरुवातीला जवळच्या तांबरममध्ये एका दिवसात ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. आटपाडीत वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्याशी बरोबरी करणारा. त्या दिवशी उतारावरची उरलीसुरली माती आमच्या मोरीपर्यंत आली होती.

२०२२च्या जानेवारीत सासरे, म्हणजे आमचे मामा, गावाहून आले. मागच्या दारात उभं राहून त्यांनी उतार बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "भाजीचं मागनं बघू. आदी पानी कुठनं येतंय आन् कुठं जातंय, ते सांग." बहात्तरच्या दुष्काळात मामा ऐन अठरा वर्षांचे होते. सरकारी कामावर बांध घालायचे आणि सुकडी खाऊन दिवस काढायचे. दगडी ताल, म्हणजे माती अडवणारी बुटकी भिंत, कशी घालतात ते त्यांच्या हातांना तेव्हापासून माहीत आहे. पळत्या पाण्याला चालायला लावायचं आणि चालत्याला थांबवायचं, हे आमच्याकडे पाणलोटाच्या कामावर सगळेच बोलतात. मामांनी ते स्वतःच्या पाठीवर माती वाहून केलेलं आहे.

पहिलं काम पातळी काढण्याचं. मामांनी दोन सारख्या लांबीचे बांबू वरच्या टोकाला बांधले, मध्ये आडवी काठी टाकली आणि शेंड्यापासून दोरीला दगड लावून ओळंबा सोडला. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीला कुठे लागते तिथे खूण केली. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण केली. दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध जी रेघ, ती पातळीची. दोरी त्या रेघेवर आली की दोन्ही पाय एका उंचीवर. तिथे खुंटी ठोकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढे फिरवायचा. अशा खुंट्या उताराच्या अंगाअंगाने गेल्या तेव्हा कळलं की डोळ्याला सरळ वाटणारी आमची टेकडी मधेच आत वळते आणि पाणी नेमकं तिथेच गोळा होतं. याच भागात, सेंट थॉमस माउंटजवळ, विल्यम लॅम्ब्टनने १० एप्रिल १८०२ रोजी पायारेषा मोजायला घेतली आणि हिंदुस्थानच्या त्या महाप्रचंड मोजणीला सुरुवात झाली. मोजल्याशिवाय जमीन ओळखता येत नाही, हे मला त्या खुंट्यांनी पटवलं.

खणायला सुरुवात सगळ्यात खालून केली. वरची चार बोटं काळपट माती आधी बाजूला काढून ठेवायची, मग खालचा मुरूम कापून पुढे ओढायचा आणि वाफा सपाट झाला की ती माती परत वर पसरायची. खालचा वाफा झाला की त्याच्या वरच्या पट्ट्यातली चांगली माती खाली देता येते, म्हणून क्रम खालून वर. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने मुरूम नरम होता. एप्रिलमध्ये तिथे पहार वाजते, रुतत नाही. खणताना हाती आलेला प्रत्येक दगड मी उलटून बघायचे. याच पल्लावरममध्ये १८६३ साली रॉबर्ट ब्रूस फूटला मुरमाच्या खड्ड्यात अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली आणि या देशातल्या आदिमानवाचा अभ्यास तिथून सुरू झाला. मला तसं काही मिळालं नाही, पण इतक्या जुन्या काळापासून माणसं या दगडाशी झगडत आली आहेत, याने बळ येत होतं.

ताल घालायचा दगड मात्र आटपाडीचा नव्हे. हा चार्नोकाइट. निळसर काळा, काचेसारखा कडक. घनफूटभर तुकडा पंचाहत्तर किलोच्या आसपास भरतो. मामांचा हातोडा त्यावर नुसता उसळायचा. तेव्हा शेजारच्या पाट्टी कुंपणापाशी आल्या. गल्लीतले सगळे त्यांना पाट्टीच, म्हणजे आजीच, म्हणतात. त्यांचं तरुणपण इथल्या खाणीत दगड फोडण्यात गेलं. त्यांनी मामांच्या हातातून हातोडा घेतला, दगड ओला केला, बोटाने त्याच्या अंगावरून एक बारीक रेघ शोधली आणि त्याच रेघेवर हलके हलके ठोके देत गेल्या. जोर कुठेच नव्हता. आवाज बदलला, टणकपणा जाऊन भदभद झाला, आणि दगड दोन सपाट तोंडांनी उघडला. "कण्णू, प्रत्येक दगडाला तोंड असतं, ते बघून मार," त्या मला तमिळमध्ये म्हणाल्या. मामांना तमिळ येत नाही, पाट्टींना मराठी नाही. पुढे दोघांनी मिळून सगळ्या ताली घातल्या आणि दुभाष्याची गरज कधी लागली नाही.

ताल कोरडीच रचली, सिमेंटचं बोटही नाही. पाया टणक मुरमापर्यंत खोदला, त्यात सगळ्यात मोठे दगड. दोन दगडांचा सांधा वरच्या दगडाच्या पोटाखाली यायला हवा. मधून मधून एक लांब दगड आडवा, मातीत आतपर्यंत घुसवलेला. प्रत्येक थर किंचित आत, टेकडीकडे झुकता. भिंतीमागे हातभर जागेत नुसत्या चिपा भरल्या, म्हणजे पाणी मातीतून निथळून दगडांच्या फटींतून बाहेर पडतं. सिमेंटच्या भिंतीमागे पाणी साचतं आणि तेच तिला ढकलून पाडतं. मामांनी एकाही तालीला दीड-पावणेदोन फुटांच्या वर जाऊ दिलं नाही. त्यामागे हिशेब आहे. भिंतीची उंची दुप्पट केली की मातीचा रेटा चौपट होतो. म्हणून साडेचार फूट रुंद वाफा आणि दीड फूट ताल, असा आमच्या उताराला बसणारा मेळ त्यांनी धरला. वाफ्याला टेकडीच्या बाजूला थोडा उतार दिला. निलगिरीत बटाट्याची शेतं अशीच आतल्या अंगाला कललेली असतात, जास्तीचं पाणी मागच्या चरातून बाजूला जातं. आमचा चर टेकडी आत वळते तिथे उतरवला आणि तिथे दगडांच्या पायऱ्या बसवल्या.

तालीच्या कडेवर वाळा लावला. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, त्यामुळे भाजीचं अन्न खात नाहीत आणि कड घट्ट धरतात. शेवगा मात्र तालीपासून लांब, खोड जाड होऊन दगड उचकटतो म्हणून.

माती तयार व्हायला वेळ लागला. शेणखत, निंबोळी पेंड, नारळाच्या शेंड्या, घरातला ओला कचरा. विकतची लाल माती घातली ती फक्त वरच्या दोन वाफ्यांत. आडी महिन्यात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यानंतर, बी टाकायचं असं इथले शेतकरी सांगतात. त्याप्रमाणे भेंडी, गवार, घेवडा, पडवळ आणि अंबाडी पेरली. पाट्टींनी अरैकीरैचं चिमूटभर बी दिलं. ही माठाच्या जातीची पालेभाजी मी इतरांना आवर्जून सांगते, कारण खुडली की पुन्हा फुटते. मे महिन्यातल्या कत्तिरीच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या, उन्हात हिरवी जाळी आणि पाल्यापाचोळ्याचं आच्छादन नसेल तर काहीच वाचत नाही, हेही तितकंच खरं.

खरी परीक्षा ३ आणि ४ डिसेंबर २०२३ला झाली. मिचाँग चक्रीवादळ किनाऱ्यालगत रेंगाळलं आणि पाऊस थांबेना. वेलचेरी, पल्लिकरणै पाण्याखाली गेलं, लोकल बंद, वीज नाही. उजाडल्यावर मी छत्री घेऊन मागे गेले. वरून येणारं पाणी चहाच्या रंगाचं होतं. एकेक वाफा उतरत ते खालच्या तालीच्या फटींतून बाहेर पडत होतं, तेव्हा तळहातावर घेतलं तर रेषा दिसाव्यात इतकं नितळ. माती वर राहिली होती. भेंडी आडवी झाली, पडवळाचा मांडव मोडला, मधल्या तालीतले दोन दगड सुटले. ते पाऊस ओसरल्यावर पाट्टींनी आणि मी परत बसवले. गावी मामांना फोन लावला तेव्हा त्यांनी भाजीचं काही विचारलं नाही, चर तुंबला होता का एवढंच विचारलं. तुंबला नव्हता.

आता वरच्या टोकाला एक तुकडा उरला आहे, जवळजवळ उभाच. तिथे तीन फुटांच्या वाफ्याला तीन फुटांची ताल लागेल. ओळखीचे म्हणतात, एवढं केलंत तर तेही करा. मी करणार नाही. तिथे वाळा आणि सीताफळं लावली आहेत, गवत कापायचं पण उपटायचं नाही असं ठरवलं आहे. वरचा तो भाग जसाच्या तसा धरून राहिला, तरच खालचे वाफे राहतील. यंदाच्या आडीसाठी गवारीचं बी बाजूला काढून ठेवलं आहे. सगळ्यात खालच्या वाफ्यात ओल जास्त टिकते, तिथे या वेळी अळू लावणार आहे.