पहिल्या अक्षरावर झडप

क्योटोहून रेल्वेने दहाएक मिनिटांत ओत्सू येते. बिवा सरोवराकाठच्या या शहरात, डोंगराच्या पायथ्याशी, शेंदरी महाद्वाराचे ओमी देवस्थान आहे. १९४० साली उभारलेले हे मंदिर सम्राट तेन्जीचे. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका यांनी निवडलेल्या शंभर कवितांत पहिली त्याचीच. या कवितांच्या पत्त्यांचा खेळ म्हणजे कारुता, आणि ओमी ही त्याची पंढरी!

एकाने कविता वाचायची, इतरांनी तिचा उत्तरार्ध लिहिलेला पत्ता पटकावायचा. नववर्षाला घरोघरी चटईवर पत्ते पसरून हा खेळ खेळण्याची जुनी रीत आहे. दंगा थेट आपल्या भेंड्यांसारखा!

जानेवारीत येथे होणारे अजिंक्यपदाचे सामने मात्र श्वास रोखून पाहावेत. दोघे समोरासमोर, प्रत्येकापुढे पंचवीस पत्ते. जागा पाठ करायला पंधरा मिनिटे. मग अक्षर कानी पडते न पडते तोच पत्ता दूर उडालेला! सात कविता तर पहिल्या अक्षरावरच ओळखतात. त्या अक्षराने दुसरी सुरूच होत नाही. उरलेल्या पन्नास कवितांचे पत्ते मांडलेलेच नसतात, पण त्याही वाचल्या जातात. घाईने हात टाकला की दंड.

एवढ्या झटापटीत कवितेचे काय होते? खेळाडू उडालेले पत्ते वेचून जागेवर येतात. वाचणारा राहिलेला उत्तरार्ध संथ सुरात पुरा करतो. त्या वेळी चटईवर बोटसुद्धा हलत नाही. मग क्षणभर शांतता, आणि पुढची कविता.