चामटोलीचं देणं

लाट म्हटली की आम्हा अंबरनाथकरांना अलिबाग नाहीतर काशीद आठवायचं. उल्हास नदी म्हणजे नळाला येणारं पाणी, यापलीकडे मला तिची ओळख नव्हती. २६ जुलै २००५ चा महापूरसुद्धा मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, शाळकरी कुतूहलाने पाहिला.

२६ जुलै २०१९ च्या रात्री कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसले, कोल्हापूरला जायला. अंबरनाथ मागे पडलं आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये गाडी थांबली ती थांबलीच. उल्हास पात्र सोडून रुळांवर आली होती. उजाडलं तेव्हा दोन्ही खिडक्यांबाहेर गढूळ समुद्र. पायऱ्यांवर पाण्याचा हबका आदळला की अख्खा डबा चिडीचूप व्हायचा. गाडीत हजाराच्या वर माणसं, त्यांत ९ गरोदर बायका.

एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, हेलिकॉप्टरं आली. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर पडले. त्यांचे उपकार आहेतच. पण माझा हात धरला तो रुळांजवळच्या चामटोली गावच्या एका काकांनी. गावातल्या कितीतरी जणांसारखे तेही स्वतःहून पाण्यात उतरले होते. लुंगी वर खोचलेली, हातात बांबू. प्रत्येक पावलाआधी ते बांबूने खाली चाचपायचे, कारण रुळांखालची खडी कुठे वाहून गेलीय ते वरून कळत नव्हतं. मी घाबरून गुडघे उचलत चालत होते. ते म्हणाले, "ताई, पाय उचलू नका, घासत टाका. उचललेल्या पायालाच पाणी ओढतं." त्या शब्दांवर मी काठ गाठला. काकांनी चहाचा कप हातात दिला आणि पुन्हा पाण्यात शिरले. नाव विचारायचंही सुचलं नाही.

पुढे मी त्यांना शोधत गेले, ओळख झाली, जाणंयेणं वाढलं. उल्हास कधी फुगणार, हे ते घाटाकडच्या ढगांवरून आणि ओढ्याच्या रंगावरून सांगतात. नदीकाठी जन्म काढलेल्या माणसाचं हे शिक्षण मला कुठल्याच वर्गात मिळालं नव्हतं. जुलै २०२१ मध्ये उल्हास पुन्हा चढली, त्या रात्री पहिला फोन त्यांचाच होता.

मी उल्हासनगरच्या एका शाळेत शिकवते. पावसाळ्याआधी आम्ही मुलांना दोरी धरून, पाय घासत चालायला शिकवतो. गेल्या वर्षी काका स्वतः आले, बांबू घेऊन. मी दोरीला मारलेली गाठ त्यांनी सोडली आणि नीट बांधून दाखवली.